वरचा किती, खालचा किती

बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बस्त्याव परेरा हे एकच गृहस्थ असे आहेत, जे माणसांना ब्लडप्रेशरवरून ओळखतात. समोरासमोर ते आडनावानं हाक मारतात, तेवढी सभ्यता आहे. पण माघारी सगळे आकडे. "सी विंगचे दीडशे-शंभर दोन दिवस दिसले नाहीत?" असं ते वॉचमनला विचारतात आणि वॉचमनसुद्धा आता सरावानं सांगतो, "ते गावाला गेलेत." तळमजल्यावरच्या नाईकबाईंबद्दल ते एकदा चारचौघांत म्हणाले, "बाई एकशे सत्तर होत्या, सहा महिन्यांत एकशे तीसवर आणल्या." ऐकणाऱ्यांत एक नवीन भाडेकरू होती. ती दुसऱ्या दिवशी नाईकबाईंकडे डाएटची चौकशी करायला गेली.

माझी त्यांची गाठ पडली ती लिफ्टमध्ये. आम्ही राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. हातात दुधाच्या पिशव्या घेऊन मी आत शिरलो, तर कोपऱ्यात एक उंच, काटकुळे, पांढऱ्या हाफ शर्टातले गृहस्थ उभे. खिशाला दोन पेनं. दार बंद झालं तसे ते माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले,

"वरचा किती?"

"पाचवा," मी म्हणालो. मला वाटलं, बटण दाबायला विचारतायत.

"मजला नाही हो. प्रेशर. वरचा किती, खालचा किती?"

"कधी मोजलं नाही."

"वय?"

"सेहेचाळीस."

"घरात कमावणारे?"

"मी एकटाच."

"मुलं?"

"एक मुलगी. नववीत आहे."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. डॉक्टर वाईट बातमी सांगण्यापूर्वी हलवतात तशी. "हे तोट्याचं काम आहे, साळवी," ते म्हणाले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले. माझं आडनाव त्यांनी खालच्या पत्रपेटीवर वाचून ठेवलं होतं. मी दूध घेऊन घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "शेजार जरा विचित्र आहे." संध्याकाळी जिना चढताना मात्र उगाचच छातीवर हात ठेवून पाहिला.

परेरा अंकल नोकरीत असताना एका विमा कार्यालयात होते. तीस वर्षं मृत्यूदाव्यांच्या टेबलावर. माणूस गेला की त्याची बायको, भाऊ, मुलगा कागद घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसायचे. दाखला बघायचा, मृत्यूचं कारण वाचायचं, फाईल पुढे सरकवायची. पक्षाघात. हृदयविकार. मूत्रपिंड निकामी. पुन्हा पक्षाघात. "कारणं वेगवेगळी लिहिलेली असायची, साळवी," ते मला सांगत, "पण मी घरच्यांना विचारायचो, बीपी होता का? तर म्हणायचे, होता बहुतेक, पण कधी त्रास नव्हता. त्रास नव्हता! अहो, त्रास देत नाही हीच त्याची लबाडी."

आणि मग ते वाक्य, जे त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल: "तीस वर्षं मी माणसांना मेल्यावर भेटलो. आता म्हटलं, जरा आधी भेटावं."

नोकरी सुटली, पण टेबलावरची भाषा सुटली नाही. रक्तदाबाची गोळी म्हणजे हप्ता. गोळी चुकली की "हप्ता थकला". महिनाभर गोळ्या सोडून देणारा माणूस म्हणजे "पॉलिसी बंद पडलेला". आमच्या इस्त्रीवाल्याला त्यांनी एकदा भर रस्त्यात सांगितलं, "तुझी पॉलिसी बंद आहे, उद्याच्या उद्या चालू कर," तर तो बिचारा घरी जाऊन जुन्या ट्रंकेत कागद शोधत बसला.

तब्येतीच्या गोष्टी मात्र ते कधीच करत नाहीत. "आरोग्य म्हटलं की माणूस जांभई देतो," हा त्यांचा अनुभव. "फायदा-तोटा म्हटलं की मान वळवतो." त्यामुळे ज्याला जो तोटा लागू पडेल तो ते काढतात. मुलीच्या लग्नासाठी सोनं जमवणाऱ्या बाईंना विचारतात, "नवरा पडला तर हे सोनं मांडवात जाईल की आयसीयूत?" नवी गाडी घेतलेल्या तरुणाला म्हणतात, "सर्व्हिसिंग दर सहा महिन्यांनी ना? आणि चालवणाऱ्याची?" सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा विषय निघाला तेव्हा हे उभे राहिले आणि म्हणाले, "लिफ्ट बंद पडली तर आपण जिन्यानं जाऊ. घरचा माणूस बंद पडला तर त्याला जिना कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं, "परेरा, हे विषयपत्रिकेवर आहे का?" तर हे म्हणाले, "विषयपत्रिकेवर नसतं हाच तर विषय आहे."

मिठाशी तर त्यांचं उघड वैर. सोसायटीच्या जेवणात पंगत बसायच्या आत ते सगळ्या पानांवरून फेरी मारून मिठाच्या वाट्या उचलून नेत. गंमत म्हणजे त्यांचे वडील खाडीकाठच्या गावात आयुष्यभर मिठागरावर राबले. "बापानं मीठ पिकवलं, मी लोकांच्या ताटातलं काढतो," ते म्हणायचे. "एका पिढीचं केलेलं दुसरीनं निस्तरायचं, दुसरं काय."

लोक अर्थातच त्यांना टाळायचे. एका मयताला ते गेले आणि सुतकी चेहऱ्यानं बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न काय केला, तर "गोळ्या घेत होते का?" मुलाच्या मामांनी त्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. पोरं त्यांना 'वरचा-खालचा' म्हणत. ते येताना दिसले की बाकावरची मंडळी एकेक करून उठायची आणि ते येऊन मोकळ्या बाकावर बसायचे. मला वाटतं, ते त्यांना कळत होतं. पण "आज सगळे लवकर उठले" एवढंच म्हणायचे.

मी टाळून टाळून दोन महिने टाळलं. शेवटी एका शनिवारी त्यांनी मला जवळजवळ पकडूनच सरकारी आरोग्य केंद्रावर नेलं. रांग फार नव्हती. नर्सनं पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग तिनं माझ्याकडे न बघता परेरा अंकलकडे बघितलं.

"एकशे चौसष्ट, एकशे दोन," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघा, सांगत होतो की नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून आकडा लिहून घेतला. डॉक्टरांनी तपासलं, लिहून दिलं, खिडकीवर महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. एक पैसा न देता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "फुकटच्या गोळ्या, लागू पडतील ना?"

तेव्हा मात्र ते चिडले. "फुकट नाहीत. तुम्ही आम्ही भरलेल्याच पैशातल्या आहेत. सरकारला काय तुमचा पुळका आलाय? तुम्ही पडलात की सरकारी खाट अडते, तुमचा पगार थांबतो, तुमची पोरगी शाळेऐवजी कुठेतरी कामाला लागते. त्यापेक्षा गोळी स्वस्त पडते. साधा धंदा आहे. आणि ह्या धंद्यात तुमचाही फायदा असेल तर घ्या की गुपचूप!"

मी गुपचूप घेतल्या. तेव्हापासून मी वॉचमनच्या वहीत 'ए विंगचे एकशे चौसष्ट' झालो.

एकदा मी त्यांना विचारलं, "अंकल, तुमचा किती?"

"एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं. पण त्याचा उपयोग काय?"

"म्हणजे?"

"माझ्यावर अवलंबून कोण आहे? मार्था गेली. मुलगा कॅनडात, चांगला कमावतो. हे एवढं चांगलं प्रेशर नुसतं पडून आहे बघा." आणि ते हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, असं नंतर वाटलं.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी गोखिवऱ्याला एका छोट्या कारखान्यात हजेरी आणि हिशेब बघतो. पॉवर प्रेसवर पत्र्याचे वॉशर कापायचं काम. तिथे दत्ता गावडे नावाचा जुना ऑपरेटर होता, साताऱ्याकडचा, फुलपाड्यात राहणारा. प्रेसचा नुसता आवाज ऐकून डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, कुठे झिजलीय ते सांगायचा. एके दिवशी सकाळी तो मशीनवरच कलंडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वय एक्कावन्न. हॉस्पिटलात कळलं की प्रेशर कित्येक वर्षांपासून चढलेलं असणार.

हे मी परेरा अंकलना सांगितलं. कोणीही म्हणेल तसं "अरेरे" ते म्हणाले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी विचारलं, "मशीन किती दिवस बंद होतं?"

मला राग आला. "अहो, माणूस अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही मशीनचं विचारताय?"

"तुम्ही रागवा, पण सांगा."

मी सांगितलं. मशीन अकरा दिवस बंद. मग नवीन ऑपरेटर आणला, त्यानं दुसऱ्याच आठवड्यात डाय फोडली. माल उशिरा गेला, म्हणून एका गिऱ्हाइकानं पुढची ऑर्डरच दिली नाही.

"आणि त्याच्या घरी?"

"बायको आता लोकांकडे पोळ्या करायला जाते. मुलगी बारावी झाली होती, ती कपड्यांच्या दुकानात लागलीय."

ते लिहिता लिहिता थांबले. "ही मुलगी बघा," ते म्हणाले, "ही कुठल्याच फॉर्मात बसत नाही. मशीनचा रकाना असतो, हॉस्पिटलच्या बिलाचा असतो. हिच्या कॉलेजाचा रकाना मी तीस वर्षांत कधी पाहिला नाही." मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "तुमच्या शेठना भेटायचंय."

आमचे शेठ गुजराती. जन्म वसईतला, मराठी फर्डं, पण पैशाची गोष्ट निघाली की जीभ आपोआप वळते. परेरा अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले, समोर बसले आणि पहिला प्रश्न केला, "शेठ, गावडे पडला त्याचा तुम्हाला किती तोटा झाला?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मी नाही सांगत," परेरा म्हणाले. "तुम्हीच बेरीज करा. बंद मशीन, फुटलेली डाय, गेलेली ऑर्डर, हॉस्पिटलला तुम्ही स्वतः दिलेले. दिलेत ते चांगलंच केलंत, पण धरा."

शेठनी कॅल्क्युलेटर ओढला. बेरीज करताना त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. आलेला आकडा त्यांनी आम्हाला दाखवला नाही.

"आता आणखी कोण कोण पडायच्या बेतात आहे, ते तुम्हाला माहीत आहे?"

"अरे, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत."

"गावडेही धडधाकटच होता."

परेरांनी योजना मांडली. आरोग्य केंद्राची नर्स येईल, सगळ्यांचं प्रेशर बघेल. ज्यांचं जास्त असेल त्यांना डॉक्टर तपासतील आणि दर महिन्याला गोळ्या तिथूनच मिळतील.

"खर्च?" शेठ.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे मागून काय?"

"मागूनही काही नाही. पट्टा त्यांचा, नर्स त्यांची, गोळी त्यांची. तुम्ही एक खुर्ची द्या आणि पंखा लावा."

शेठचा संशय वाढतच गेला. फुकट गोष्टीनं त्यांचा जीव घाबरा होतो. "बस एवढंच?"

"आणखी एक. गोळ्या आणायला महिन्यातून एकदा ज्याला जायचं असेल त्याला अर्धा दिवस सुट्टी. पगार न कापता."

"हां!" शेठ एकदम मोकळे झाले. "तेच म्हटलं, काहीतरी असणार." आणि अट सापडल्याच्या आनंदात त्यांनी ती मान्यही करून टाकली.

बुधवारी नर्स आली. पॅकिंगच्या टेबलापाशी खुर्ची मांडली, कामगार एकेक करून बाह्या वर करत आले. परेरा अंकल शेजारी वही घेऊन उभे, चेहरा असा की जणू घरचं लग्न आहे. सगळ्यांचं झाल्यावर ते केबिनच्या दाराशी जाऊन म्हणाले, "शेठ, आता तुम्ही."

"मला काय झालंय?"

"खुर्ची तुमची, पंखा तुमचा. पट्टा एकदा तुम्हालाही बांधून घ्या."

पट्टा बांधला. नर्सनं एकदा मोजलं, पाच मिनिटं बसवून दुसऱ्यांदा मोजलं आणि आकडा हळू आवाजात सांगितला. अख्ख्या कारखान्यात शेठचा नंबर पहिला आला होता. कामगारांत कोणीतरी फिस्सकन हसलं. परेरा अंकल हसले नाहीत. शेठच्या खांद्यावर हात ठेवून ते इतकंच म्हणाले, "ह्या मशीनला बदली ऑपरेटर नाही, शेठ."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. शेठ स्वतः गोळी घेतात आणि कामगारांना "हप्ता भरला का?" म्हणून विचारतात. वर्षभरात एकही माणूस पडला नाही. मी हौसेनं ही बातमी परेरांना सांगायला गेलो. म्हटलं, खूश होतील.

ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. म्हणाले, "कोण पडणार होतं, सांगता येईल?"

"ते कसं सांगणार?"

"तेच म्हणतोय. घडलेल्या गोष्टीची फाईल असते, साळवी. नंबर असतो, कागद असतात, कोणीतरी समोर येऊन बसतं, रडतं, मग आभार मानून जातं. न घडलेल्या गोष्टीची फाईल नसते. ज्याला लकवा झाला नाही, तो कधी दार वाजवून सांगायला येत नाही, की बुवा, मला झाला नाही." पुढच्या कुंडीकडे वळून म्हणाले, "यावं असंही नाही. चांगलंच आहे. पण येत नाही खरं."

त्या दिवशी मला त्यांचं घर पहिल्यांदा नीट दिसलं. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. म्हणजे तिच्यावर कोणी बसत नव्हतं. भिंतीवर क्रूस आणि त्याखाली मार्थाबाईंचा फोटो. मुलाचा फोन रविवारी येतो, असं ते म्हणाले होते. नातवंडं इंग्रजीत बोलतात, हे अर्धं ऐकतात आणि अर्ध्याला हसतात.

दिवाळीच्या आदल्या रविवारी दुपारी शेठनी मला गावड्यांकडे पाठवलं. मिठाईचा डबा आणि एक पाकीट द्यायचं होतं. फुलपाड्यातल्या चाळीत त्यांची खोली शोधत गेलो. दार उघडंच होतं. गावड्यांची बायको संगीताताई कामाला गेलेली, मुलगी दुकानात. मी दाराशी थबकलो, कारण आतून कोणीतरी बोलत होतं. सावकाश, लांबवत, मध्येच हसत. भाषा मराठीच, पण चाल वेगळी. मला धड कळेना. 'पानी', 'कोन', 'लोनी' असे शब्द तेवढे ओळखू येत होते.

आत डोकावलो तर परेरा अंकल गावड्यांची दाढी करत होते.

गावडे खाटेवर तक्क्याला टेकून बसलेले, गळ्यात टॉवेल. अंकल एका हातानं त्यांची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं वस्तरा इतका हळू चालवत होते, की त्यांची स्वतःची जीभ दातांत आली होती. आणि बोलणं अखंड चालू. कुठल्यातरी मिठागराची गोष्ट असावी, कारण मध्येच त्यांनी वस्तरा ठेवून मीठ ओढायची लांब फळी दोन्ही हातांत धरल्याची नक्कल केली. गावड्यांचा चेहरा डाव्या बाजूनं हसला.

मी खाकरलो. परेरा अंकल असे दचकले, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं. लगेच त्यांची नेहमीची, शाळेतल्या पुस्तकासारखी भाषा परत आली. "या, साळवी. काही फॉर्म भरायचे होते, म्हणून आलो होतो."

फॉर्म कुठेच दिसत नव्हते. गावड्यांनी डाव्या हातानं मला बसायची खूण केली.

परतताना आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की येतो. त्यांच्या बायकोला कामाला जावं लागतं, दिवसभर ते एकटेच असतात."

"ती कुठली बोली होती, अंकल?"

"आमच्या गावची. घरातली." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "ऑफिसात लोक हसायचे, म्हणून मी बाहेर कधी बोललो नाही. मुलाला तर शिकवलीच नाही, म्हटलं, मागे पडेल. मार्था होती तोवर घरात चालायची. आता गावातही माझ्या वयाचं कोणी उरलं नाही. तरणी पोरं शहरासारखं बोलतात."

"पण गावड्यांना तर ती येत नाही."

"त्यांना सध्या कुठलीच येत नाही," परेरा अंकल म्हणाले. "म्हणून जमतं. मी काय बोलतो ते त्यांना कळत नाही, आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत नाही. आम्ही दोघंही तक्रार करत नाही." आणि बस आली तसे ते घाईनं चढले.

मी घरी कोणाला बोललो नाही. कॉम्प्लेक्समध्ये ते पुन्हा तेच होते. लिफ्टमध्ये पाहुण्यांना अडवत होते, वरचा किती, खालचा किती.

नाताळ होऊन गेला. जानेवारीत एका सकाळी संगीताताई कारखान्यात आली. कुठल्याशा कागदावर शिक्का हवा होता. शिक्का मारून दिला, तरी ती उठेना. तिचा चेहरा काहीतरी सांगायचं असल्यासारखा.

"साहेब, आमचं हे बोलले."

"काय सांगताय!"

"व्हय. परवा सकाळी. मी भाकरी थापत होते. मागनं आवाज आला. मला वाटलं, शेजारचं कोण हाय. वळून बघते तर हेच, ग्लासाकडं बोट करून. दीड वर्षानं, साहेब." तिनं पदर तोंडाला लावला, मग हसायलाच लागली. "पण एक कळंना बघा. आमच्यात पाणी म्हणत्यात. हे म्हणले 'पानी'. दोनदा म्हणले. मी म्हटलं, ह्या माणसानं आजारपणात हिंदी कधी शिकली?"

तिला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी स्कूटर लावली आणि पाचव्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर उतरलो. परेरा अंकलनी दार उघडलं, सवयीनं विचारलं, "गोळी घेतली?"

"घेतली. अंकल, गावडे बोलले."

ते दाराची कडी धरून उभे राहिले. "कधी?"

"परवा सकाळी. बायकोकडे मागितलं. 'पानी' म्हणाले."

"पाणी म्हणाले."

"नाही. पानी. दोनदा. ती म्हणते, हिंदी शिकले."

"कसं म्हणाले? तुम्ही पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. बहुधा मला ते नीट जमलं नाही, कारण त्यांनी ते ओठांतल्या ओठांत एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा ढीग उचलला, ठेवायला जागा सुचेना म्हणून तसाच हातात धरून उभे राहिले, शेवटी जमिनीवर ठेवला.

"बस साळवी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "पानी आनतो."

ते आत गेले. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. एक ग्लास भरायला लागतो त्याहून बराच वेळ तो चालू होता. मी हाक मारली नाही, त्या खुर्चीवर बसून राहिलो.